विधानांपुरतं खरं

सर्व प्रोसेसर चिप असतात. काही चिप चँडलरमध्ये तयार होतात. म्हणून काही प्रोसेसर चँडलरमध्ये तयार होतात.

पहिली दोन विधानं मान्य केली, तर तिसरं मान्य करावंच लागेल का? ॲरिझोनातल्या चँडलरमधल्या, म्हणजे इथल्या मराठी इंजिनिअरांना हा प्रश्न विचारला की उत्तर बहुतेक वेळा 'हो' असं येतं, आणि तेही जरा चिडून. यात विचार करण्यासारखं काय आहे, असा एकंदर सूर. गावाच्या दक्षिणेला ओकोटिलोच्या आवारात इंटेलचे कारखाने आहेत. तिथे प्रोसेसरच्या वेफर तयार होतात हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. परीक्षेतलं उत्तर मात्र 'निष्कर्ष निघत नाही' हेच. चँडलरमध्ये तयार होणाऱ्या त्या 'काही चिप' नुसत्या मेमरीच्या किंवा रेडिओच्याही असू शकतात. त्यांत प्रोसेसर असलाच पाहिजे असं दिलेल्या दोन वाक्यांत कुठेही म्हटलेलं नाही. निष्कर्ष खरा आहे, पण तो या विधानांतून निघत नाही.

स्पर्धा परीक्षेच्या तयारीत या फरकाइतकं मोलाचं दुसरं काही नाही, असं माझं मत आहे आणि हे सरावाचं पुस्तक त्याच मतावर उभं आहे. लॉजिकल रिझनिंगच्या पुस्तकांत ही गोष्ट निदान पहिल्या पानावर सांगितलेली असते. कॉम्प्युटर आर्किटेक्चरच्या पुस्तकांत ती सहसा कुणी सांगत नाही, आणि मुलांचे गुण जातात ते तिथेच. म्हणून दोन्ही विषय एकाच पुस्तकात घेतले आहेत. एरवी बाजारात त्यांची दोन वेगळी पुस्तकं मिळतात, आणि रिझनिंगचं पुस्तक बँकेच्या परीक्षेच्या कप्प्यात ठेवलेलं असतं.

साधं उदाहरण घेऊ. कॅशचा वेळ १० नॅनोसेकंद, मुख्य मेमरीचा १००, आणि दहापैकी नऊ वेळा हवी ती गोष्ट कॅशमध्येच सापडते. सरासरी वेळ किती? क्लासमध्ये पाठ केलेलं सूत्र लावून कुणी १९ लिहितो, कुणी २०. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. आधी कॅश बघायची आणि तिथे नसेल तरच मेमरीकडे जायचं, असं गृहीत धरलं तर चुकलेल्या वेळी कॅशचे १० आणि मेमरीचे १०० असे दोन्ही लागतात, आणि सरासरी २० येते. कॅश आणि मेमरी दोघींकडे एकाच वेळी विचारणा होते असं मानलं, तर चुकलेल्या वेळी फक्त १०० लागतात आणि सरासरी १९ येते. प्रश्नातला एखादा शब्द यातली कोणती बाजू धरायची ते सांगत असतो. सूत्र पाठ असलेल्या मुलाला तो शब्द दिसत नाही, कारण त्याची नजर सरळ आकड्यांवर गेलेली असते. पर्याय नसलेल्या, नुसता आकडा भरायच्या प्रश्नात हा एक नॅनोसेकंद पूर्ण गुण घेऊन जातो. याला मी आर्किटेक्चर कच्चं असणं म्हणत नाही. हे वाचन कच्चं असणं आहे, आणि रिझनिंगचा सराव नेमका त्यावरच उपाय आहे.

हे पुस्तक चँडलरमध्ये बसून का लिहिलं, असा प्रश्न कुणाला पडेल. गेट ही भारतातली पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा इथे होत नाही आणि इथल्या मुलांना ती द्यायचीही नसते. मी इथे चिपच्या तपासणीचं, म्हणजे आमच्या बोलीत व्हेरिफिकेशनचं काम करतो. सोलापुरातल्या, नात्यातल्या एका मुलीला गेटसाठी शिकवायला सुरुवात केली, तिच्या मैत्रिणी आल्या, मग त्यांचे भाऊ आले, आणि शनिवार संध्याकाळचा वर्ग लागला. इथे सात वाजता मी बसतो तेव्हा सोलापुरात रविवारी सकाळचे साडेसात झालेले असतात. ॲरिझोनाच्या या भागात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, त्यामुळे साडेबारा तासांचा हा फरक वर्षभर तसाच राहतो. भारताची वेळ काढायला इथल्या वेळेत अर्धा तास मिळवायचा आणि सकाळची संध्याकाळ, संध्याकाळची सकाळ करायची. माझ्या वर्गातला रिझनिंगचा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो, आणि तारीख कधी बदलते हे सांगताना निम्मा वर्ग अडखळतो.

गावाचा मात्र या पुस्तकाशी आणखीही संबंध आहे. चँडलर वसवणारे अलेक्झांडर जॉन चँडलर हे जनावरांचे डॉक्टर. १९१२ मध्ये त्यांनी आपल्या जमिनीचे तुकडे पाडून विकायला काढले, आणि कालव्याचं पाणी, कापूस आणि पिसांसाठी पाळलेले शहामृग यांवर गावाचे पहिले दिवस गेले. १९८० च्या सुमारास इंटेल आली. ओकोटिलोतला फॅब ५२ हा नवा कारखाना २०२५ मध्ये सुरू झाला. मायक्रोचिप या कंपनीचं मुख्यालयही इथलंच. ज्यांनी कॉलेजात पिक मायक्रोकंट्रोलरवर प्रॅक्टिकल केलं असेल, त्यांना हे नाव चांगलंच माहीत असेल. त्या पिकवर या पुस्तकात एक प्रश्न आहे. आठ बिटांच्या म्हणवल्या जाणाऱ्या या कंट्रोलरची एकेक सूचना चौदा बिटांची कशी असते? मुलं आधी छपाईची चूक शोधतात. खरं म्हणजे सूचनांची मेमरी वेगळी आणि माहितीची वेगळी, अशी ही हार्वर्ड पद्धतीची रचना आहे. दोन्हींची रुंदी एकच असावी असं कुणीच सांगितलेलं नाही. पिकच्या काही मालिकांत सूचना बारा बिटांची आहे, काहींत सोळा. माहिती मात्र आठ बिटांचीच. 'आठ बिटांचा' या शब्दातून आपण न सांगितलेली गोष्ट काढली, म्हणजे सुरुवातीच्या त्या तिसऱ्या वाक्यासारखंच झालं.

दुसरी रचना व्हॉन नॉयमन यांच्या नावाने ओळखली जाते, म्हणजे सूचना आणि माहिती एकाच मेमरीत. तिचं उदाहरण द्यायला अमेरिकेत हिंडायची गरज नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत याच धर्तीवर टिफ्रॅक हा संगणक बांधला गेला आणि १९६० मध्ये तो रीतसर सुरू झाला. २,७०० निर्वात नळ्या आणि फेराइट कोअरची मेमरी. त्या मेमरीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. पुस्तकातला सातवा प्रश्न याच यंत्रावर आहे. २,०४८ म्हणजे दोनचा अकरावा घात, तेव्हा पत्त्याला अकरा बिट पुरेत. एकूण ८१,९२० बिट, म्हणजे १०,२४० बाइट, म्हणजे बरोबर दहा केबी. एवढं मोठं यंत्र दहा केबीत चालत होतं हे कळलं की मुलं थोडी गप्प होतात, आणि मग दोनचे घात पाठ करायला तयार होतात. ते पाठ हवेतच. गेटच्या पडद्यावर कॅल्क्युलेटर मिळतो, पण २,०४८ दिसताच ११ आठवत नसेल तर त्या कॅल्क्युलेटरचा फारसा उपयोग नाही.

आता पाइपलाइन. गेटच्या अभ्यासक्रमात आर्किटेक्चरचा मजकूर चार-पाच ओळींचाच आहे: सूचना आणि पत्ता देण्याच्या पद्धती, एएलयू आणि डेटापाथ, कंट्रोल युनिट, पाइपलाइन आणि तिच्यातले अडथळे, मेमरीची उतरंड, इनपुट-आउटपुट, इंटरप्ट आणि डीएमए. यात पाइपलाइनवर मुलांचा सर्वांत जास्त वेळ जातो, आणि माझ्या मते त्यातला बराचसा फुकट जातो. पाच टप्पे धरा: सूचना आणणे, उलगडणे, चालवणे, मेमरी, निकाल परत लिहिणे. शंभर सूचना, एकही अडथळा नाही. पहिली सूचना पाच चक्रांनी बाहेर पडते, उरलेल्या नव्याण्णव दर चक्राला एक. एकूण १०४. पाइपलाइन नसती तर ५०० चक्रं लागली असती, म्हणजे वेग ४.८ पट झाला. 'पाच टप्पे म्हणून पाच पट' हे उत्तर पर्यायांत ठेवलेलंच असतं आणि घाईतला विद्यार्थी तेच उचलतो. पुढे प्रश्न सांगतो की शंभरपैकी वीस ठिकाणी मेमरीतून आणलेली किंमत लगेच पुढच्या सूचनेला हवी आहे, आणि निकाल मधूनच पुढे पोचवायची सोय आहे. अशा प्रत्येक ठिकाणी एक चक्र थांबावं लागतं. १०४ चे १२४ होतात, वेग चारच्या जवळ येतो.

इथे अनुभवी माणसाची वेगळीच अडचण होते. आजचा खरा प्रोसेसर सूचना दिलेल्या क्रमाने चालवत नाही. एका चक्रात अनेक सूचना घेतो, पुढच्या वळणाचा अंदाज बांधतो, चुकला तर केलेलं काम टाकून देतो. पाच टप्प्यांची ही पाइपलाइन शिकवण्यासाठी सोपी करून घेतलेली आहे. त्यामुळे रोज खऱ्या चिपवर काम करणारा माणूस या प्रश्नावर म्हणतो, 'असं होत नाही.' बरोबरच आहे, होत नाही. पण प्रश्नाने एक छोटं जग मांडलं आहे आणि उत्तर त्या जगातलंच हवं आहे. नोकरी करून गेट देणाऱ्यांना माझी विनंती आहे की ऑफिसातलं ज्ञान तीन तास बाजूला ठेवा. ते चुकीचं नाही, फक्त तिथे ते विचारलेलं नाही.

ज्यांना वाटतं की हे दोन विषय परीक्षेच्या सोयीसाठी एकत्र बांधले आहेत, त्यांनी दोन सालं लक्षात ठेवावीत. १८५४ मध्ये जॉर्ज बूल यांनी विचाराच्या नियमांना बीजगणिताचं रूप दिलं. १९३७ मध्ये एमआयटीतल्या क्लॉड शॅनन नावाच्या एका विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवलं की तेच बीजगणित रिले आणि स्विचच्या मंडलांना जसंच्या तसं लागू पडतं. मधली त्र्याऐंशी वर्षं ते गणित बहुतांशी कागदावरच होतं. आज पुस्तकातल्या 'आणि', 'किंवा', 'नाही' या शब्दांवरचे प्रश्न सोडवताना तुम्ही जे करता, तेच काम चिपमधली कोट्यवधी लॉजिक गेट एका सेकंदात कोट्यवधी वेळा करत असतात.

आपल्याकडच्या तर्काचाही यात वाटा आहे. यूजीसी-नेटच्या पहिल्या पेपरात आता भारतीय तर्कशास्त्र आलं आहे: प्रमाणं, अनुमान, व्याप्ती, हेत्वाभास. संगणकशास्त्र घेऊन नेट देणाऱ्याला पहिल्या पेपरात हे आणि दुसऱ्यात कॉम्प्युटर आर्किटेक्चर, असा जोडअभ्यास करावाच लागतो. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे आग आहे, हे नैयायिकांचं ठरलेलं उदाहरण. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन अशा पाच पायऱ्यांनी ते मांडायचं. मुलांना ते जुनाट वाटतं. पण मग त्यांना उलटा प्रश्न विचारावा: जिथे आग तिथे धूर, हे चालेल का? नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात आग आहे, धूर नाही, असं नैयायिकांचंच प्रत्युत्तर शास्त्रात दिलेलं आहे. 'डेटाच्या अडथळ्यामुळे पाइपलाइन थांबते' यावरून 'पाइपलाइन थांबली म्हणजे डेटाचाच अडथळा असणार' असं मानणारा विद्यार्थी हीच चूक करत असतो. ती कॅशमध्ये न सापडलेल्या माहितीसाठीही थांबली असेल. आणि तर्कशास्त्राचा परीक्षेशी संबंध नवा नाही. वाईच्या लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नावामागे लागलेली 'तर्कतीर्थ' ही पदवी १९२३ मधली आहे, आणि ती कलकत्त्याची परीक्षा देऊन मिळवलेली आहे.

माझ्या पोटापाण्याच्या कामातलंही एक गणित पुस्तकात आहे. ३२ बिटांच्या दोन संख्यांची बेरीज करणारं मंडल बरोबर आहे की नाही, हे सगळ्या जोड्या घालून तपासायचं म्हटलं तर दोनचा चौसष्टावा घात इतक्या जोड्या होतात. सेकंदाला शंभर कोटी जोड्या तपासल्या तरी ५८४ वर्षं लागतील. नुसत्या बेरजेची ही गत, मग भागाकाराची बातच सोडा. १९९४ मध्ये पेंटियमच्या भागाकारात दोष निघाला तो असाच. आतल्या तक्त्यातल्या पाच नोंदी राहून गेल्या होत्या, आणि ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागलं की चौथ्या दशांश स्थळापासून उत्तर चुकत होतं. तो दोष जगापुढे आणणारे थॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांवर काम करत होते. इंटेलला त्यासाठी ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. त्यानंतर चिपच्या उद्योगाने एक गोष्ट मनावर घेतली. सगळं तपासून पाहता येत नाही, तेव्हा काही भाग सिद्ध करून दाखवावा लागतो. विधानं मांडायची आणि त्यांतून निष्कर्ष निघतो का ते बघायचं, हे आज इथे अनेकांचं पगारी काम आहे. रिझनिंगला 'स्कोअरिंग सेक्शन' म्हणून हिणवणाऱ्यांनी हे प्रकरण आधी वाचावं.

आता सरावाबद्दल थोडं. महाराष्ट्राच्या एमसीए सीईटीत नव्वद मिनिटांत शंभर प्रश्न असतात, म्हणजे प्रश्नाला चोपन्न सेकंद. गेटमध्ये तीन तासांत पासष्ट प्रश्न, प्रश्नाला पावणेतीन मिनिटं. या दोन परीक्षांचा सराव सारखाच करणं शक्य नाही. सीईटीला प्रश्नाचा प्रकार चटकन ओळखता यायला हवा, गेटला तो सावकाश वाचता यायला हवा. शिवाय गेटमध्ये चुकल्याचा दंड वेगवेगळा आहे. एक गुणाच्या चार पर्यायी प्रश्नात चुकल्यास एक तृतीयांश गुण जातो. डोळे मिटून ठोकलं तर सरासरी कमाई बरोबर शून्य. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर सरासरी एक नवमांश गुण हाती लागतो. म्हणून 'निगेटिव्ह मार्किंग आहे, सोडून दे' हा सल्ला अर्धवट आहे. आयआयटी मुंबईने घेतलेल्या २०२१ च्या गेटपासून एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकणारे प्रश्न आले. त्यांत दंड नाही, पण अर्धे गुणही नाहीत. चारपैकी कोणते पर्याय, याच्या पंधरा शक्यता होतात. तेव्हा तिथे अंदाज बांधून फारसं काही मिळत नाही. प्रत्येक पर्याय स्वतंत्र विधान म्हणून तपासावाच लागतो.

या पुस्तकात प्रत्येक प्रश्नाखाली दोन रिकाम्या ओळी सोडल्या आहेत, आणि त्या उत्तरासाठी नाहीत. पहिल्या ओळीत प्रश्नाने काय दिलं आहे ते लिहायचं, दुसरीत आपण मनाने काय धरलं आहे ते. कॅशच्या प्रश्नात दुसरी ओळ रिकामी राहिली, तर तुम्ही १९ आणि २० यांतला एक आकडा नकळत निवडला आहे. आमच्या वर्गात सुरुवातीला मुलं या ओळींना कंटाळतात, कारण त्यांत वेळ जातो. महिन्याभराने त्या लिहाव्या लागत नाहीत, मनातच होतात. तोवर मात्र त्या लिहाव्याच लागतील. ३२ बिटांचा पत्ता, ३२ केबीची चार-मार्गी कॅश, ६४ बाइटचा ब्लॉक, हा प्रश्न हाताने करून पाहा: ब्लॉकमधल्या जागेला सहा बिट, १२८ संचांसाठी सात, उरलेले एकोणीस टॅगचे. मग फक्त 'चार-मार्गी'च्या जागी 'दोन-मार्गी' करा आणि काय बदललं ते बघा. एक प्रश्न असा चार तऱ्हांनी मोडून पाहणं हे चार नवे प्रश्न सोडवण्यापेक्षा जास्त उपयोगी, हे मी ठामपणे सांगतो. जुन्या प्रश्नपत्रिकांचे ढीग उपसणाऱ्यांना ते पटत नाही, हेही माहीत आहे.

शब्दांच्या बाबतीत एवढंच सांगतो, की कॅशला कॅश आणि पाइपलाइनला पाइपलाइनच म्हटलं आहे. प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. मराठीत आहे ते समजावणं.

पुस्तकात नसलेल्या गोष्टीही सांगून ठेवतो. शॉर्टकटची यादी नाही, 'हमखास येणारे प्रश्न' नाहीत, आणि ग्राफिक प्रोसेसरवर काहीही नाही, कारण गेटच्या अभ्यासक्रमात ते नाही. उत्तरं शेवटच्या प्रकरणात आहेत आणि प्रत्येकासोबत आम्ही धरलेलं गृहीतक लिहिलं आहे. तुमचं उत्तर वेगळं आलं तर आधी गृहीतक ताडून पाहा. ते वेगळं असेल आणि प्रश्नाच्या शब्दांत बसत असेल, तर तुमचं उत्तर खोडू नका. गृहीतक एकच असूनही उत्तर वेगळं येत असेल, तर चूक तुमची आहे किंवा आमची, आणि आमची असल्यास पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्त करण्यासाठी प्रकाशकांच्या पत्त्यावर जरूर कळवा.